तहकूब लिहा, भाऊसाहेब

ग्रामसेवकाच्या नोकरीत ग्रामसभा इतक्या घेतल्यात की कुठली कुठल्या गावची तेही आठवत नाही, पण गायरानाची ती सभा डोक्यात पक्की बसलीय. विषयपत्रिकेत घरकुलाची यादी आणि पाणीपट्टी वसुली, आणि त्याखाली एक ओळ, गायरान जमीन डिस्टिलरी प्रकल्पास देणेकामी ना-हरकत देणेबाबत.

गायरान म्हणजे सातबाऱ्याला सरकारचं नाव आणि चरायला गावाची गुरं. २०११ ला सुप्रीम कोर्टाचा, गावाच्या सामाईक जमिनी वाचवायचा, जगपाल सिंग केसचा निकाल आला, त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे जीआर निघाला की गायरान खासगी माणसाला, संस्थेला द्यायचं नाही. तरी प्रस्ताव येतातच, कारण महसूल संहितेत नंतर कलम २२-अ आलं, त्यात प्रकल्पवाल्याने बदल्यात दुसरी जमीन द्यायची अशी वाट आहे. आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलची डिस्टिलरी असेल, मळीच्या पाण्याचा, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा, थेंब बाहेर सोडणार नाही असं लिहून दिलेलं असेल, तर २०२१ पासून अशा काही प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीतूनही सूट मिळते. तशी सूट मिळाली की गावाला तोंड उघडायला जागा एकच उरते, ग्रामसभा.

आता यातली गंमत सांगतो. ग्रामसभेला कोरम लागतो मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. तेवढी माणसं नाही जमली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही! दहा डोकी बसून विषयपत्रिकेतलं काय हवं ते मंजूर करू शकतात. भाषणं ठोकणाऱ्या पुढाऱ्यांनाही हे माहीत नसतं, पण ज्यांना ठराव हवा असतो त्यांना बरोब्बर माहीत असतं.

सभा ठेवली होती ऐन खुरपणीत, सकाळी अकराला. मारुतीच्या देवळापुढं मांडव, कंपनीकडून खुर्च्या आणि वडापाव. साडेअकरा झाले तरी साठेक माणसं, बरीचशी वडापाव खाऊन पारावर जाऊन बसलेली. सरपंचांनी घड्याळ बघितलं आणि हळूच म्हणाले, "तहकूब लिहा, भाऊसाहेब, कशाला लोकांचा खोळंबा." मी प्रोसिडिंग बुक उघडलं, तारीख टाकली, तेवढ्यात वेशीकडून छोटा हत्ती आला, गच्च भरलेला, मागं चालत आणखी बायका, कुणाच्या कमरेला खुरपं तसंच खोचलेलं, डोक्याचा रुमालपण सोडला नव्हता. खुरपणीच्या टोळीची मुकादमीण पुढं. मला म्हणाली, "थांबा भाऊसाहेब, आधी आमच्या सह्या घ्या."

सह्या घेता घेता माझा हात दुखून आला. अंगठ्यासाठी स्टॅम्पपॅड फिरवलं ते कोरडं पडलं, शेवटी शाळेतून शाईची बाटली मागवली. शंभरी ओलांडली तसं मी सरपंचांकडं बघितलं, ते मोबाईलमध्ये बघत होते.

मग तिनं दुसरा मुद्दा काढला. "कालच्या महिला सभेचा ठराव आधी वाचा." महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते, पण बहुतेक गावांत शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो आणि सभा होते (हे सगळ्यांना माहीत आहे, उगाच मी कशाला लपवू). इथं मात्र खरीच झाली होती आणि गायरान द्यायचं नाही असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. वाचलं.

कंपनीचा साहेब उठला, झिरो डिस्चार्ज, रोजगार, सीएसआर, सगळं बोलला. कॉलेजातल्या एका पोरानं विचारलं की एक लिटर स्पिरिटमागं आठ ते पंधरा लिटर मळीचं पाणी निघतं, तुम्ही ते आटवून जाळणार म्हणता, तर बॉयलर बंद पडला त्या दिवशी ते कुठं जाणार? साहेब म्हणाला, लायनिंग केलेलं लगून, म्हणजे साठवण तळं, असतं. "आणि पावसाळ्यात भरलं तर?" यावर साहेबानं फाईल चाळायला घेतली. एक बाई मागनं म्हणाली, माझी लेक दिलीय तिकडं असाच कारखाना आहे, तिच्या विहिरीचं पाणी चहासारखं दिसतं, जनावर तोंड लावत नाही.

सगळ्यात भारी एक धनगर म्हातारबा बोलले. बदल्यात मिळणारी जमीन म्हणजे शिवेवरचा मुरमाड माळ, कुसळसुद्धा धड येत नाही. ते म्हणाले, "तिथं नेल्या तर शेळ्याच मला शिव्या घालतील." अख्खा मांडव हसला, साहेबपण हसला बिचारा.

हात वर करायला सांगितले, प्रकल्पाच्या बाजूचे मोजायला सोपं गेलं, सातच होते. ठराव नामंजूर. लिहिताना सरपंच कानाशी लागले, 'विरोध' नको, 'फेरविचार व्हावा' असं लिहा. बायका टेबलाभोवतीच उभ्या होत्या, जो शब्द लिहीन तो मोठ्यानं वाचून घेत होत्या. मी विरोधच लिहिलं. त्या पोरानं पानाचा फोटो काढला आणि नक्कल मागायचा अर्जही तिथंच दिला, नंतर पान बदललं म्हणायला जागा नको म्हणून. हुशार पोरगं.

खरं सांगायचं तर ग्रामसभा नाही म्हणाली म्हणून जमीन वाचलीच असं नसतं, शेवटी सही कलेक्टर ऑफिसातून होते. मधल्या काळात फाईल वर-खाली झाली आणि मग तहसीलमधून पुन्हा पत्र आलं, सुधारित प्रस्ताव, जमीन तीच. नोटीस मी अजून फळ्यावर लावलीही नव्हती तर मुकादमीणीचा फोन. "भाऊसाहेब, सभा कितीला ठेवताय? त्या दिवशी बायकांचं खुरपण दुपारनंतर लावते."