जर्नो घेतलंय ना, मग लॉचं लेक्चर बंक करू नका

आमच्या कॉलेजात सेकंड इयर संपत आलं की एकच चर्चा असायची, ॲड (जाहिरात) घेणार की जर्नो (पत्रकारिता). मुंबई युनिव्हर्सिटीचा मास मीडियाचा हा डिग्री कोर्स, आधी बीएमएम होता आता बीएएमएमसी झालाय पण लोक अजून बीएमएमच म्हणतात, त्यात आमच्या बॅचला पहिली दोन वर्षं सगळ्यांना सगळं होतं आणि शेवटच्या वर्षाला दोन वाटा फुटायच्या. ॲडच्या वर्गात बेंच पुरायचे नाहीत आणि आम्ही जर्नोवाले पुढच्या दोन रांगांतच संपायचो. कारण उघड आहे, ॲडमध्ये पैसा आहे. जर्नोमध्ये काय आहे ते आमच्या घरात कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. मामा दर गणपतीत विचारायचा, "काय गं, टीव्हीवर कधी दिसणार?" आणि बाबांचं म्हणणं, पेपरात नोकरी म्हणजे रात्री दोनला सुटणार, मग डोंबिवलीला येणार कशी, शेवटची गाडी गेली की काय प्लॅटफॉर्मवर झोपणार? (बाबांचा मुद्दा बरोबर होता, पेपरात रात्रपाळी करणारे खरंच पहिल्या लोकलची वाट बघत बसतात.)

आता ओळखीतली बारावीची पोरं विचारतात की ताई कॅमेरा कुठला घेऊ, एडिटिंगचं कुठलं सॉफ्टवेअर शिकू. अरे ते होईल रे, फोनवर शिकता येतं, यूट्यूबवर ढिगाने पडलंय. पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहून बातमी सांगणं, ते करायला तीन वर्षं आणि एवढी फी लागत नाही. माझं मत विचाराल तर या डिग्रीत पैसे वसूल होतात ते नेमके ज्या विषयांना वर्ग पेंगतो तिथेच, आणि त्यात एक नंबर प्रेस लॉ, म्हणजे पत्रकाराला लागणारे कायदे.

आमचं हे लेक्चर जेवणानंतर असायचं त्यामुळे निम्मा वर्ग डुलक्या काढायचा. पण बघा, आपल्या घटनेत "वृत्तपत्र स्वातंत्र्य" असा वेगळा शब्दच नाही, आहे ते कलम १९(१)(अ) मधलं भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, त्यात छापखानाही येतो हे कोर्टाने सांगितलं. आणि त्यातली सुरुवातीचीच मोठी केस आपल्या मुंबईची आहे, रोमेश थापर यांचं क्रॉसरोड्स नावाचं साप्ताहिक इथून निघायचं, मद्रास सरकारने त्याला राज्यात येऊ द्यायचं नाही असं ठरवलं, थापर थेट सुप्रीम कोर्टात गेले आणि १९५० साली जिंकले. पुढच्याच वर्षी सरकारने पहिली घटनादुरुस्ती करून "सार्वजनिक सुव्यवस्था" हे कारण १९(२) मध्ये, म्हणजे या स्वातंत्र्यावर बंधनं घालायच्या कारणांच्या यादीत, घातलं. म्हणजे केस जिंकली आणि वर्षभरात नियमच बदलला. हे कळल्यावर मला तरी झोप लागली नाही बुवा.

मग बदनामी. सगळ्यांना वाटतं की खरं लिहिलं की झालं, आपल्याला कोण काय करणार. तसं नाहीये. फौजदारी बदनामीत नुसतं खरं असून भागत नाही, ते छापणं लोकांच्या हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. आधी हे आयपीसी (भारतीय दंड संहिता) ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ झालं, पण कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळणाऱ्या नोट्स अजून जुन्याच, त्यामुळे नोट्स घेताना वर्ष बघून घ्या. आणि एक गोष्ट तर फॅमिली ग्रुपवरच्या काका-काकूंनाही पाठ करायला लावली पाहिजे: लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये पीडितेचं नाव तर द्यायचं नाहीच पण ओळख पटेल असं काहीही द्यायचं नाही. मूल असेल तर पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम २३ मध्ये पत्ता, शाळा, घरचे, शेजार सगळं येतं. चाळीचं नाव आणि बापाचा धंदा लिहिला आणि वर "नाव बदललं आहे" असं टाकलं तर त्या बदललेल्या नावाचा काय उपयोग, सांगा.

पत्रकारितेच्या हिस्टरीचं थोडक्यात सांगते कारण तो विषय पुस्तकातनं वाचला तर पकाऊ आणि चालत बघितला तर भारी आहे. एका रविवारी आम्ही काही जण चर्चगेटला उतरून फोर्टात फिरलो. हॉर्निमन सर्कलला मुंबई समाचारची ती लाल इमारत आहे, गुजराती पेपर, १८२२ पासून चालू. ज्याचं नाव त्या सर्कलला आहे तो हॉर्निमन बॉम्बे क्रॉनिकलचा संपादक, इंग्रज माणूस, पण सरकारवर टीका छापायचा म्हणून १९१९ मध्ये इंग्रज सरकारनेच त्याला उचलून बोटीत बसवलं. तिथनं पुढे चालत गेलं की हायकोर्ट, जिथे १९०८ मध्ये केसरीतल्या लेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. आणि हॉर्निमन-टिळकांच्या कितीतरी आधी बाळशास्त्री जांभेकर, देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे, विशीच्या आसपासचे, म्हणजे आमच्याच वयाचे, त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण काढलं, एका कॉलमात मराठी आणि शेजारच्या कॉलमात इंग्रजी. त्या तारखेला पत्रकार दिन असतो आणि त्या दिवशी कॉलेजात फक्त हार आणि भाषणं होतात, असो.

आता कॉपीचं, म्हणजे बातमीच्या लिहिलेल्या मजकुराचं सांगते. आम्हाला रिपोर्टिंग शिकवणारे सर आधी पेपरात होते, त्यांनी सगळ्यांना आझाद मैदानात पाठवलं, तिथे रोज कुणी ना कुणी आंदोलनाला बसलेलं असतंच. आमच्यातली एक अंगणवाडी सेविकांच्या आंदोलनाची बातमी घेऊन आली, सुरुवात अशी की "विविध मागण्यांसाठी अंगणवाडी सेविकांच्या वतीने आझाद मैदान येथे भव्य मोर्चा काढण्यात आला." सरांनी लाल पेन उघडलं. "विविध" ला गोल, म्हणे विविध म्हणजे कुठल्या? "भव्य" खोडलं, माणसं किती होती ते लिही. "वतीने" आणि "काढण्यात आला" वर रेघ, अगं बायका स्वतः चालत आल्या ना मग त्यांनी काढला असं लिही की. आणि मग विचारलं मानधन आत्ता किती आहे, मागतायत किती. ती गप्प, पण तिच्या वहीत सगळं होतं. आकडे होते, एक बाई रात्रभर गाडीत बसून आल्या होत्या आणि येताना पोषण आहाराचं रजिस्टर पिशवीत घालून आणलं होतं, कारण परत गेल्यावर ते भरायचंच होतं, हेही होतं. सर म्हणाले हे सगळं वहीत आहे तर कॉपीत का नाही. ती म्हणाली, "सर, पेपरात असं लिहीत नाहीत ना." अख्खा वर्ग हसला पण खरं सांगते आमच्या सगळ्यांच्या कॉप्या तशाच होत्या, "संपन्न झाला" आणि "मान्यवर उपस्थित होते" हे आपण लहानपणापासून वाचतोय ते हातातनं जाता जात नाही. रजिस्टरवाली बाई मग इंट्रोत (बातमीच्या सुरुवातीला) गेली आणि पहिल्यांदा ती बातमी वाचावीशी वाटली.

असंच लिहिणं तासायला आरटीआयचाही (माहितीच्या अधिकाराचा अर्ज) उपयोग होतो, हे कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत बसवायचा असा नियम आहे, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, उत्तराची मुदत ३० दिवस. "रस्त्याच्या खर्चाची माहिती द्यावी" असं लिहिलं की काहीच हाती लागत नाही, कुठला रस्ता, कुठल्या वर्षी, वर्क ऑर्डरची प्रत, बिलाची प्रत असं नेमकं मागावं लागतं. मी टाकलेल्या एकाला "सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही" असं उत्तर आलं, वास्तविक संबंधित नसेल तर अर्ज योग्य ऑफिसकडे पाठवायची जबाबदारी त्यांचीच असते, कलम ६(३). अपिलात तेच एक वाक्य लिहिलं आणि कागद आले. बघा, परत लॉच.

इंटर्नशिपबद्दल फार बोलत नाही. एका बातम्यांच्या पोर्टलवर होते, पगार शून्य, वर ट्रेनचा पास माझा. दिवसभर इंग्रजी बातम्या समोर ठेवून मराठीत उतरवायच्या आणि वर "पाहून थक्क व्हाल" टाइप मथळे लावायचे. टायपिंगचा स्पीड वाढला तेवढाच फायदा. त्यापेक्षा सुट्टीत मुंबईतल्या किल्ला कोर्टात नुसतं मागच्या बाकावर जाऊन बसण्याने जास्त शिकले. बहुतेक सुनावण्या कुणालाही बसून ऐकता येतात, फोन खिशात ठेवायचा आणि वही काढायची. पहिले दोन-तीन दिवस काही म्हणजे काही कळत नाही, नुसत्या तारखा पडत असतात, मग हळूहळू कळतं की रिमांड काय, जामीन काय, आणि "कोर्टाने फटकारलं" असं जे आपण वाचतो ते प्रत्यक्षात किती हळू आवाजात असतं.

आणि यावर्षी ॲडमिशन घेणाऱ्यांनी कॉलेजचा स्टुडिओ बघून भुलू नका, त्यातले लाईट कितींदा लागतात ते सीनियरना विचारा. कॉलेजला सरळ विचारा की रिपोर्टिंग शिकवणारा माणूस कधी फिल्डवर होता का, मुलं स्वतःचा पेपर काढतात का, लॉ शिकवायला वकील येतो की कुणाचं तरी उरलेलं लेक्चर भरायला कुणीही येतं. मराठीतनं करायचं असेल तर काही कॉलेजांत मराठी माध्यमाचाही पर्याय असतो, तो त्यांच्याकडे अजून चालू आहे का हेही विचारा. ऑफिसातल्या मॅडम वैतागतील, "सगळं प्रॉस्पेक्टसमध्ये आहे" म्हणतील. प्रॉस्पेक्टसमध्ये नसतं, परत विचारा.