कारभार कोण बघायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, एसटीत, परवा तर वडूजला दवाखान्यात नंबर लावून बसले होते तिथंसुद्धा: "वहिनी, तुम्ही सरपंच होता तेव्हा कारभार खरा कोण बघायचं?" शेजारच्या गावच्या बाप्या सरपंचाचं सगळं त्याचे चुलते ठरवतात, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. त्याला मात्र लोक 'घरचं पाठबळ' म्हणतात.

पाच वर्षं चेकवर ग्रामसेवकांच्या जोडीला माझीच सही होती. वाचून केलेली. पहिले सहा महिने न वाचता केली, घ्या, तेही सांगितलं.

पण तुमचा रोख असतो त्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेवर. खालच्या वस्तीची पाइपलाइन १४० फूट अलीकडेच थांबली होती. आदल्या दिवशी मी स्वतः टेप धरून मोजली, कागदावर आकडे मांडले. अध्यक्ष मी, खुर्ची माझी. बोलायला उठले, तोवर मागून आवाज आला, "बाई, बसा खाली. मालकांना बोलवा." माणसं हसली. देवळाच्या पायरीवरच्या बायकाही पदराआड हसल्या. त्यांच्याच नळासाठी मी उभी होते. आणि मी काय केलं? दाराकडं बघितलं. हे बाहेर लिंबाखाली उभे होते, आत आले. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. माझंच अक्षर, माझेच आकडे. माना डोलल्या, ठराव झाला, दिवाळीआधी पाणी आलं.

रात्री हेच म्हणाले, "कागद का दिलास?" मी म्हटलं, पाणी महत्त्वाचं होतं. ते खोटं नव्हतं. पण मी घाबरले होते, हे काही त्यांना सांगितलं नाही.

२०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. पण नजर? माझीच सांगते. शालिनीताई पाटील १९८३ ला सांगलीच्या खासदार झाल्या, पुढं आमच्या शेजारच्या कोरेगावच्या आमदार. त्याआधी राज्याच्या महसूलमंत्री होत्या. मी मात्र कितीतरी वर्षं त्यांना 'वसंतदादांच्या मंडळी' एवढंच ओळखायचे. तेव्हा लहान होते, म्हणून सोडून दिलं असतं. पण गेल्या महिन्यात आमच्या नव्या सरपंचबाई भेटायला आल्या. चहा ठेवता ठेवता मी विचारलं, "मालक काय करतात तुमचे?"