परमिट रूममधला इतिहास

काल संध्याकाळी अलिबागला एका परमिट रूममध्ये इतिहासावरचं भाषण ऐकलं, हो खरंच, बारमध्ये!! काउंटरच्या बाजूला दोन टेबलं सरकवून जागा केलेली, टीव्ही बंद, समोर तळलेली मांदेली, आणि एक रिटायर्ड मास्तर १७२१ सालची गोष्ट सांगतायत.

मुंबईचे इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन आपल्या कुलाबा किल्ल्यावर चालून आलेले, चार तर खास इंग्लंडच्या आरमाराची जहाजं आणि वर त्यांचा आरमारी अधिकारी कमोडोर मॅथ्यूज. त्याआधी १७१८ ला खांदेरीच्या बेटावरच्या किल्ल्यावर इंग्रजांनी मार खाल्लेला, त्याचा राग होताच. पण मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे काय एकटे नव्हते, सातारहून शाहू महाराजांनी मदत पाठवली, बाजीराव घोडदळ घेऊन खाली उतरले आणि हल्ला पार फसला. मॅथ्यूजच्या मांडीत आपल्या एका घोडेस्वाराचा भाला घुसला, हे सांगताना मास्तरांचा आवाज चढला आणि शेजारच्या टेबलावरच्या दादांनी हातातला ग्लास खाली ठेवला. पुढे पोर्तुगीजांनी वेगळा तह केला, इंग्रज एकटे पडले.

मास्तरांनी टेबलावरच्या सांडलेल्या पाण्यातच बोटाने किनारा काढला, इथे किल्ला, इथे चौल, ओहोटीला चालत जाता येतं ते इथून. पंखा चालू होता, नकाशा सुकत होता, ते परत परत बोट ओलं करून काढत होते. मी लहानपणापासून त्या किल्ल्यात शंभरदा गेलोय, पण त्या भाल्याबद्दल कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

आज सकाळी ओहोटी बघून पोराला घेऊन गेलो.