आमची वाटचाल : डायलच्या काट्याने दिलेली साक्ष

आमच्या कोरीवकामाच्या कार्यशाळेची बहुतेक वर्षे एका ओळीत सांगता येतील: काम आले, वेळेवर गेले आणि तोच ग्राहक पुढचे काम घेऊन आला. त्या वर्षांबद्दल मनात समाधान आहे, पण लिहिण्यासारखे फारसे काही नाही. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यानंतरचे सात आठवडे मात्र असे गेले की कार्यशाळेला कुलूप लावायची पाळी येते की काय, असे वाटू लागले होते. त्या काळात आमच्या यंत्राबद्दल आणि आमच्या हाताबद्दल जे बोलले गेले त्याचा सल अजून गेलेला नाही, म्हणून ही हकिगत सविस्तर लिहून ठेवत आहे.

संगणकाच्या आज्ञेप्रमाणे कटर चालवून अक्षरे कोरणारे हे यंत्र आमच्या पहिल्या भागीदारांनी स्वतः बांधलेले आहे. कार्यशाळेत सगळे त्यांना काका म्हणतात. ज्यावर पत्रा बसतो त्या बेडची पातळी साधायला त्यांनी तीन दिवस घेतले होते, आणि चारही कोपऱ्यांवर डायल, म्हणजे अगदी बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक, फिरवून काटा मिलिमीटरच्या दोन शतांशांच्या आत राहील याची खात्री झाल्याशिवाय त्यांनी कटर फिरवणारे स्पिंडल बसवू दिले नव्हते. तिन्ही अक्षांना सरकवणारे बॉल स्क्रू, प्रत्येक अक्षाला ठरावीक पावलांनी फिरणारी एक स्टेपर मोटार, आणि मोटारींना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरच्या पेटीपासून संगणकाच्या पॅरलल पोर्टपर्यंत (जुने प्रिंटर जिथे जोडत ती जागा) पंचवीस पिनांची एक जाड केबल, अशी आमची मांडणी होती. मोटार हलवणारा प्रत्येक पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक ठोका, संगणक स्वतः मोजून, स्वतःच्या वेळेने पाठवत असे.

धंद्यातल्या वाचकांना हे ठाऊकच आहे, तरीही आकडे मांडतो, कारण पुढचा सगळा वाद याच आकड्यांवर उभा आहे. आमच्या मोटारीचा एक फेरा २०० पावलांचा. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो, म्हणजे एका फेऱ्याला १६०० पल्स लागतात. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो, तेव्हा एका मिलिमीटरला ३२० पल्स झाले. मिनिटाला तीन मीटर वेगाने अक्ष पळवायचा तर सेकंदाला १६,००० पल्स, म्हणजे दर साडेबासष्ट मायक्रोसेकंदाला एक पल्स गेला पाहिजे. त्यात संगणकाला मध्येच दुसरे काही सुचले आणि पुढचा पल्स काहीशे मायक्रोसेकंद उशिरा गेला, तर भरवेगात असलेली मोटार अडखळते आणि पावले चुकवते. आमच्यासारख्या साध्या स्टेपर यंत्रात मोटार प्रत्यक्षात कुठे पोहोचली हे संगणकाला उलट कळवणारे काहीच नसते. पडद्यावर आकडा बरोबर दिसत राहतो आणि कटर दुसरीकडेच चालत राहतो.

जुन्या सिस्टीमवर हे यंत्र वर्षानुवर्षे बिनचूक चालले. ती बदलण्याची हौस आम्हाला नव्हती. ग्राहकांच्या फाइली नव्या स्वरूपात येऊ लागल्या, त्या उघडणारे डिझाइनचे सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीमवर बसेना, आणि एकाच संगणकावर आरेखनही करायचे व यंत्रही चालवायचे ही आमची सवय आम्हाला नडली. यंत्र चालवणारा संगणक आणि कार्यालयाचा संगणक पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा, हे मी आज प्रत्येक नवख्याला न विचारताही सांगतो. पैसे वाचवण्याची ती जागा नव्हे.

एका शनिवारी संध्याकाळी आम्ही नवी सिस्टीम बसवली. सोमवारी सकाळी यंत्राचे सॉफ्टवेअर उघडले, पण मोटारी हलेनात. कारण दोन दिवसांनी उमगले: नवी सिस्टीम ६४ बिटांची होती, आणि पॅरलल पोर्टवर थेट पल्स पाठवणारा आमचा ड्रायव्हर (हा मोटारींच्या पेटीतला नव्हे, संगणकातला प्रोग्राम) ३२ बिटांचा. ६४ बिटांची सिस्टीम असा ड्रायव्हर आपल्या गाभ्यात शिरूच देत नाही. यूएसबीला लावायचे पॅरलल पोर्टचे एक अडॅप्टर आणून पाहिले, तेही निरुपयोगी ठरले. ती अडॅप्टरे प्रिंटरसाठी असतात, त्यांतून माहितीचे गठ्ठे जातात आणि पल्सची वेळ पाळली जात नाही. शेवटी त्याच सिस्टीमची ३२ बिटांची आवृत्ती नव्याने बसवली, मोटारी फिरल्या, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला.

विजेची कंट्रोल पॅनेले बनवणारे एक कारखानदार आमचे सर्वांत जुने ग्राहक आहेत. त्यांच्या पॅनेलवर लागणाऱ्या दुरंगी प्लास्टिकच्या पट्ट्या आम्ही पहिल्या वर्षापासून कोरतो. वरचा काळा थर व्ही-बिट या टोकदार कटरने काढला की खालचा पांढरा उमटतो. एका पत्र्यावर चाळीस पट्ट्या बसतात. त्या आठवड्यात पहिल्या एकतीस पट्ट्या सुरेख उतरल्या, आणि बत्तिसाव्या पट्टीपासून सगळी अक्षरे अर्धा मिलिमीटर उजवीकडे सरकली. बत्तिसाव्या पट्टीवरचे पहिले अक्षर जागेवर होते, दुसऱ्याची उभी रेघ मध्येच तुटून बाजूला गेली होती, आणि त्या तुटलेल्या जागी काळ्या थराचा केसाएवढा तुकडा तसाच उभा राहिला होता. तोच जॉब पुन्हा लावला तेव्हा पत्रा निर्दोष निघाला. तिसऱ्या वेळी अकराव्या पट्टीवर चूक झाली. दर वेळी एकाच ठिकाणी होणारी चूक शोधता येते, पण ही चूक कधी दिवसभर येत नसे आणि कधी तासात दोनदा येई.

यंत्राच्या सॉफ्टवेअरचा परवाना ज्यांच्याकडून घेतला होता त्या विक्रेत्याला आम्ही सविस्तर पत्र लिहिले, सोबत पट्ट्यांची छायाचित्रे पाठवली. उत्तर दोन ओळींचे आले: यंत्र घरी बांधलेले असल्याने सांधे ढिले झाले असावेत, ते तपासावेत. काकांनी ते पत्र दोनदा वाचले आणि काही न बोलता यंत्र उघडले. कपलिंगचे ग्रब स्क्रू, बेअरिंगचे नट, स्पिंडलचा कंस, कोलेट, केबलचे प्रत्येक टोक असे सगळे चार दिवस तपासले गेले. एकही स्क्रू ढिला निघाला नाही आणि पाचव्या दिवशी चूक पुन्हा आली. त्याच सुमारास आमच्याच व्यवसायातील एका स्पर्धकाने आमच्या तीन ग्राहकांना गाठून सांगितले की आमचे यंत्र आता संपले, हाताने बांधलेल्या यंत्राकडून यापेक्षा जास्त अपेक्षा धरू नये. हे त्या ग्राहकांपैकीच एकाने मला तोंडावर सांगितले. कामात चूक झाली हे मी मान्य करतो, पण काकांच्या बांधणीवर बोट ठेवणे मी आजही मान्य करत नाही, आणि त्याचे कारण भावनेचे नसून मोजमापाचे आहे.

ते मोजमाप असे केले. काकांनी बेडवर डायल पक्का बसवला, त्याचे टोक स्पिंडलच्या कंसाला टेकवले आणि काटा शून्यावर आणला. मग एक छोटा प्रोग्राम लिहिला: अक्ष तीनशे मिलिमीटर भरवेगात दूर न्यायचा, परत आणायचा आणि डायलजवळ थांबायचे, असे पन्नास वेळा. मी वही घेऊन शेजारी बसलो. बावीस फेऱ्या काटा शून्यावरच येत राहिला. तेविसाव्या फेरीला तो दहा शतांशांवर थांबला आणि पुढे दहाच दाखवत राहिला. एकेचाळिसाव्या फेरीला तो तीसवर गेला. आम्ही ही चाचणी तीन दिवस चालवली, आणि वहीतले आकडे होते दहा, वीस, तीस, पन्नास. फार तर एखाद्या शतांशाचा फरक. सात किंवा तेरा असा आकडा एकदाही आला नाही.

स्टेपर मोटारींचे काम ज्यांनी केले आहे त्यांना याचा अर्थ तत्काळ कळेल. मोटार अडखळली की ती चार पूर्ण पावलांच्या पटीतच घसरते, कारण दर चार पावलांनी तिच्या वेटोळ्यांतील प्रवाहाची मांडणी पुन्हा तीच येते आणि रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा गाभा, पुन्हा पकड घेतो. दोनशे पावलांना चार पावलांनी भागले तर पन्नास, आणि पाच मिलिमीटरला पन्नासने भागले तर बरोबर एक दशांश मिलिमीटर. सांधा ढिला असता तर चूक कोणत्याही मापाची आली असती, दिशा बदलताना दिसली असती आणि उलट दिशेला भरूनही निघाली असती. आमची चूक दशांशाच्या पटीत येत होती आणि साठत जात होती. यंत्र निर्दोष होते आणि पल्स उशिरा येत होते. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

पुढचा प्रश्न होता पल्स कशामुळे उशिरा येतात हा. काकांनी त्याच संगणकावर लिनक्ससीएनसी हे मुक्त सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालवले, ज्याचे मूळ अमेरिकेतील एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या प्रकल्पात आहे. त्यात संगणक ठरलेल्या क्षणाला किती उशीर करतो हे नॅनोसेकंदांत दाखवणारी चाचणी असते. पडद्यावर खिडक्या इकडेतिकडे ओढत, मोठमोठ्या फाइली नकलत ती अर्धा दिवस चालू ठेवली, तरी उशीर वीस हजार नॅनोसेकंदांच्या, म्हणजे वीस मायक्रोसेकंदांच्या वर गेला नाही. तेव्हा संगणकाचा सांगाडाही निर्दोष ठरला. उरली ती नवी सिस्टीम आणि तिच्या पोटात आमच्या नकळत चालणारी कामे. नेटवर्कची केबल काढली तेव्हा चूक निम्म्यावर आली. प्रोसेसरची वीज वाचवणारी सोय बायोसमधून, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीतून, बंद केली, फाइलींची अनुक्रमणिका करणारी सेवा थांबवली, आणि सलग दोन दिवस पन्नासच्या पन्नास फेऱ्या शून्यावर आल्या. आम्ही पॅनेलवाल्यांना कळवले की पट्ट्या सुरू करतो.

आठवडाभराने केबल पुन्हा जोडावी लागली, कारण ग्राहकांच्या फाइली त्याच संगणकावर येत असत. रात्रीत एक अपडेट उतरला, त्याने आम्ही थांबवलेली सेवा परत सुरू केली, आणि दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा वीसवर आला. या टप्प्यावर मी खरोखर खचलो. दोष समजलेला असूनही तो दूर करून ठेवण्याचा अधिकार आपल्याला आपल्याच संगणकावर नाही, ही जाणीव दोष न समजण्यापेक्षा जास्त त्रास देते.

काकांनी त्या दिवशी निर्णय घेतला की पल्स मोजण्याचे काम यापुढे या सिस्टीमकडे ठेवायचे नाही. आम्ही स्वतःचे घड्याळ आणि स्वतःची स्मृती असलेला वेगळा मोशन कंट्रोलर घेतला. संगणकाने त्याला पुढच्या हालचाली आगाऊ पाठवायच्या आणि पल्स त्याने सोडायचे. संगणक पाव सेकंद गुंतून पडला तरी कंट्रोलरकडे पुरेसा साठा असतो. पहिल्याच दिवशी पाचशे फेऱ्यांची चाचणी घेतली आणि काटा पाचशे वेळा शून्यावर आला.

तरीही एक तडाखा बाकी होता. एका लांबलचक जॉबमध्ये कोणी बराच वेळ कळफलकाला हात लावला नाही, आणि एका अपडेटने वीज बचतीची मांडणी मूळपदावर नेली असल्याने संगणक कामाच्या मध्यावर झोपी गेला. साठा संपताच अक्ष जागेवर थांबले. स्पिंडल मात्र त्याचा वेग ठरवणाऱ्या वेगळ्या इन्व्हर्टरवर असल्याने फिरतच राहिले, आणि कटर एकाच जागी घासत राहिल्याने प्लास्टिक वितळून त्याच्याभोवती गोळा झाले. धुराच्या वासाने मी धावत आलो. तेव्हापासून संगणकाशी संपर्क तुटला की कंट्रोलरच स्पिंडल बंद करतो. रिलेची ती जोडणी काकांनी त्याच रात्री केली. ज्यांच्या यंत्रात ती नाही त्यांनी हा मजकूर वाचून संपवण्याआधी ती करून घ्यावी, असे मी कळकळीने सांगतो, कारण ही गोष्ट आगीपर्यंत जाऊ शकते.

या सगळ्या काळात पॅनेलवाले ग्राहक कसे वागले हे सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही. तिसऱ्यांदा पत्रा बिघडला तेव्हा मी त्यांना म्हटले की काम दुसरीकडून करून घ्या, मला वाईट वाटणार नाही. ते म्हणाले, "मला तारीख नको, पण चुकलेली पट्टी मात्र मला दाखवत जा." त्यानंतर दर आठवड्याला ते स्वतः येत, भिंग लावून बिघडलेल्या पट्ट्या पाहत आणि आमच्या वहीतले आकडे वाचत. दशांशाची पट सर्वांत आधी त्यांच्या लक्षात आली होती, हे मी इथे मोकळेपणाने नोंदवतो. काकांनी तिचा अर्थ लावला.

आता आमच्याकडे दोन संगणक आहेत. यंत्राच्या संगणकाला नेटवर्कशी कोणताही संबंध नाही, फाइली पेनड्राइव्हने जातात, आणि त्याच्या पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवलेली आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे आज अनेक कार्यशाळांपुढे बदलाचा प्रश्न आहे. त्यांनी आधी डिस्कची प्रतिमा घ्यावी, नवी सिस्टीम दुसऱ्या डिस्कवर बसवावी, आणि जुनी डिस्क काढून कपाटात ठेवावी. त्यानंतर ग्राहकाचे काम लावण्यापूर्वी डायल लावून किमान दोन दिवस फेऱ्या मोजाव्यात. आम्ही दहा मिनिटे मोटारी फिरवून पाहिल्या आणि काम सुरू केले, ती आमची चूक होती.

स्पर्धकाने गाठलेल्या तीन ग्राहकांपैकी दोघे वर्षाच्या आत परत आले. तिसरे आले नाहीत. त्यांना मी डायलच्या आकड्यांची प्रत पाठवली होती, तिची पोचही आली नाही. विक्रेत्यालाही तीच प्रत पाठवली. तिकडूनही उत्तर आलेले नाही. त्या तिसऱ्या ग्राहकाच्या सगळ्या फाइली जुन्या डिस्कवर जशाच्या तशा आहेत, आणि त्यांचा फोन आला तर त्याच दिवशी पत्रा बेडवर लावता येईल.