तुम्ही विचारलंत म्हणून: खिळा न उचलणारं चुंबक

लग्नकार्याला खानापूरला गेलो की पंगतीत कुणीतरी विचारतंच, ‘इतकी वर्सं चुंबकावर काम करतोस म्हणे, तुझं चुंबक खिळा तरी उचलतंय काय?’ नाही उचलत. एवढ्यावर हशा होतो, तेवढ्यात भात येतो आणि पुढचं राहून जातं. परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो.

प्रत्येक अणू म्हणजे होकायंत्राची एक बारीक सुई समजा. साध्या चुंबकात या सुया एका दिशेला तोंड करून असतात. माझ्या पदार्थात शेजारी शेजाऱ्याच्या उलट: एक वर, पुढचा खाली. बेरीज शून्य, मग खिळा कसला उचलतोय! पण अणू त्रिकोणात बसले तर? पहिला वर, दुसरा खाली. तिसऱ्याने कुठे बघायचं? कुठेही बघितलं तरी एकाशी बिनसतंच. तिघांच्या आठ मांडण्या होतात. सहांत एक जोडी नाराज, उरलेल्या दोनांत तिन्ही. पुस्तकी मराठीत हे ‘भौमितिक वैफल्य’. मी आपला ‘कोंडी’ म्हणतो. वैफल्य माणसाला येतं, अणूला नाही.

आमच्या माळ्यावर कोंबड्या झाकायचं जुनं डालगं आहे. कामट्या तीन दिशांनी विणलेल्या, मध्ये षटकोनी भोकं, भोवती त्रिकोण. जिथे दोन कामट्या एकमेकींवरून जातात तिथे एकेक अणू ठेवा. जपानी टोपल्यांचीही हीच वीण, नाव ‘कागोमे’, म्हणजे टोपलीचा डोळा. 1951 मध्ये स्योझी या शास्त्रज्ञाने ते नाव भौतिकशास्त्रात आणलं.

हर्बर्टस्मिथाइट नावाच्या हिरव्या खनिजात तांब्याचे अणू नेमके असे, थराथरांनी बसतात. दोन थरांमध्ये जस्त. सुयांमधली ओढाताण तापमानात मोजली तर 200 केल्विनच्या (उणे 73 अंश सेल्सिअसच्या) आसपास भरते, म्हणजे थोडं गार केलं की त्या शिस्तीत याव्यात. 0.05 केल्विनपर्यंत, म्हणजे शक्य तितक्या थंडीच्या अगदी तळाशी नेलं तरी येत नाहीत. का, यावर अजून वाद आहेत. त्यातली कटकट अशी की थोडं तांबं जस्ताच्या जागी जाऊन बसतं, आणि अगदी थंडीत त्या उपऱ्यांचाच आवाज मोठा येतो. माझी निम्मी वर्षं त्यांना वेगळं काढण्यात गेली.

मागच्या मे महिन्यात डालगं खाली काढून काकांपुढे ठेवलं. त्यांनी बोट टेकवलं, ‘वर.’ पुढच्यावर, ‘खाली.’ तिसऱ्यावर बोट थांबलं. बराच वेळ बघून म्हणाले, ‘मग चौकोनी विणायचं की रे!’