बाद नोटा खिशात घेऊन स्टॉकहोम

स्टॉकहोमच्या गामला स्तान या जुन्या पेठेत, राजवाड्याला लागूनच, स्तूरशिर्कान हे चर्च आहे. तिकीट काढून आत गेलात की 'वेदरसूलस्ताव्लान' नावाचं चित्र शोधा. 20 एप्रिल 1535 रोजी शहरावर सूर्याला पडलेली खळी, म्हणजे सूर्याभोवतीची प्रकाशाची वर्तुळं, त्यात रंगवली आहेत. मूळ चित्र हरवलं. भिंतीवर आहे ती 1630च्या दशकातली नक्कल.

गुस्ताव वासा या स्वीडिश राजाची 1000 क्रोनरची बाद झालेली जुनी नोट मी या चित्रासमोर धरली. राजाच्या चेहऱ्यामागे तीच वर्तुळं! नोटेच्या पाठीवर ओलाउस मॅग्नस या स्वीडिश लेखकाच्या 1555च्या ग्रंथातलं पीककाढणीचं चित्र आहे. पुढे आभाळातलं खळं, मागे सुगी. हा योग मराठी डोळ्यालाच दिसावा.

संग्रहासाठी अशी बाद नोट विकत घेताना पट्टी पाहा. चंदेरी पट्टी नसलेली 1000ची नोट 2013च्या अखेरीस बाद झाली, 2006पासूनची पट्टीवाली 30 जून 2016ला. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसची 100ची आणि राजा कार्ल अकराव्याची 500ची त्यानंतर वर्षभराने गेल्या. तारखा आधीच जाहीर होत्या. आपल्यासारखी रात्री आठची घोषणा नव्हती.

तिथून चालत यॅर्नतोरियेत चौकात या. रिक्सबँकेचं, म्हणजे स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेचं, जुनं घर इथेच. बँक 1668ची, कार्ल अकराव्याच्या काळातली, म्हणून 500वर तो. पाठीवर पूलहेम हा यंत्रकार.

सगळ्यात लोभस मात्र 20ची. पुढे लेखिका सेल्मा लागेरलॉफ, मागे हंसाच्या पाठीवर बसून उडणारा निल्स. शाळेतल्या मुलांना भूगोल शिकवायला सेल्माने लिहिलेल्या गोष्टीतला हा पोरगा. 1991ची नोट 130 बाय 72 मिलिमीटर, 1997ची 120 बाय 67. संग्रहाच्या वहीसाठी एकाच मापाचे कप्पे घेतले तर मोठी दुमडते, म्हणून फूटपट्टी जवळ असू द्या. रिक्सबँक अजूनही बाद नोटा टपालाने घेऊन बदलून देते, पण तिचं शुल्कच 20 क्रोनरहून जास्त. त्यामुळे एकटी-दुकटी सेल्मा बँकेत जात नाही, छंदिष्टांच्या वहीत येते.

नोटेवर छापील वर्ष नसेल तर क्रमांकाचा पहिला आकडा बघा: तो छपाईच्या वर्षाचा शेवटचा आकडा. 7 म्हणजे 1997 की 2007, हे नोटेवरच्या सह्यांवरून ठरवायचं.

दुकानातल्या पाकिटावर '0' लिहिलेलं पाहून नोट टाकाऊ समजू नका. स्वीडिश श्रेणीत शून्य म्हणजे कोरी करकरीत. मग 01, 1+, 1 असा दर्जा उतरत जातो. '01' म्हणून विकलेली नोट उजेडात तिरकी धरा. मधली घडी दाबून सपाट केलेली असली, तरी तिची रेघ चमकते. आणि पीव्हीसीचे स्वस्त कप्पे नकोत. काही वर्षांत ते चिकट होतात आणि शाई उचलतात. पॉलिएस्टरचेच घ्या.