युमायसला घरी जायचं नव्हतं का?

एसवायबीएला ओडिसीला, म्हणजे होमरच्या ग्रीक महाकाव्याला, पिरियड मिळतात मोजकेच, पेपरात प्रश्न ठरलेला, नायक ओडिसियसचं व्यक्तिचित्र, मग मुलं गाईड पाठ करतात आणि स्टाफरूममध्येही सल्ला हाच की एकडोळ्या राक्षस सायक्लॉप्स घ्या, शेवटची मारामारी घ्या, पोर्शन संपवा. मला हे अजिबात पटत नाही. मी चौदावा सर्ग घेतेच, आणि सावकाश घेते.

ट्रॉयच्या युद्धाला गेलेला आणि वीस वर्षांनी आपल्या राज्यात, इथाकात आलेला राजा ओडिसियस भिकाऱ्याच्या वेशात डुकरं राखणाऱ्या युमायसच्या दारात येतो. कुत्री अंगावर धावतात, हा चटकन खाली बसतो, हातातली काठी पडते. युमायस चपला करायला बैलाचं कातडं कापत असतो, ते टाकून धावतो, दगड मारून कुत्री पांगवतो. काटक्या पसरून त्यावर आपल्याच अंथरुणातलं बकऱ्याचं कातडं घालतो, डुकराची दोन पिल्लं कापतो, भाजलेलं मांस सळईसकट गरमागरम पुढे ठेवतो, वर जवाचं पीठ भुरभुरतो. पाहुणा जेवल्यावर मग विचारतो, तू कोण, कुठला? पॉलिफीमस, म्हणजे तो सायक्लॉप्स, आधी तेच विचारतो आणि नंतर माणसं खातो, एवढा फरक दाखवला की वर्ग जागा होतो.

यावर्षी पंधराव्या सर्गापर्यंत गेलो. युमायस मुळात राजाचा मुलगा, लहानपणी त्याच्या आयानेच त्याला फिनिशियन व्यापाऱ्यांच्या जहाजावर नेलं, पुढे ओडिसियसच्या बापाने, लेअर्टीसने विकत घेतला. मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, पण आयाला पण घरीच जायचं होतं ना?"

खरंच की. ती फिनिशियातल्या सिडॉन शहराची, चाच्यांनी पळवून विकलेली. व्यापारी घरी सोडतो म्हणाले आणि भाडं म्हणून तिने पोर उचललं. सातव्या दिवशी जहाजावरच मेली. एकीच्या घरी जाण्यापायी दुसऱ्याचं घर कायमचं सुटलं, आणि तीही पोचली नाहीच. इतकी वर्षं शिकवतेय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, गाईडमध्ये तर नाहीच नाही.

मग तिनेच पुढे विचारलं, युमायसला परत जायचं नव्हतं का? होतं. चौदाव्यातच तो म्हणतो, आईबापांना डोळ्यांनी बघावंसं वाटतं, पण त्याहून जास्त ओढ ओडिसियसची लागलीय. एकविसाव्यात ओडिसियस त्याला बायको, मालमत्ता, घर सगळं द्यायचं कबूल करतो, पण ते घर स्वतःच्या घराशेजारी. परत पाठवायचा विषयच निघत नाही.

मला सगळ्यात लागतं ते वेगळंच. युमायसची कहाणी ऐकून ओडिसियस म्हणतो, तुला देवांच्या राजाने, झ्यूसने दुःखाबरोबर सुखही दिलं, चांगल्या माणसाच्या घरी आलास, खायला प्यायला मिळतंय. बेटावर ठेवून घेणारी अप्सरा कॅलिप्सो अमरत्व देत होती तेही नाकारून जो घरी निघाला, तो हे म्हणतो.